फोन आपला, पण चावी कुणाकडे?

आज बोलूया फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याबद्दल. नुसता वॉलपेपर किंवा लाँचर नाही हं, फोन ज्याच्यावर उभा आहे तो पायाच बदलायचा.

का बदलायचा? बहुतेकांचं कारण साधं असतं. फोन ठणठणीत आहे, बॅटरीही टिकतेय, पण कंपनीने अपडेट देणं थांबवलंय. सुरक्षेचे पॅच येत नाहीत, आणि तेवढ्यासाठी चांगला फोन टाकून द्यायला जीव होत नाही. दुसरं कारण, आपण कुठे जातो, काय शोधतो याची नोंद गुगलकडे जमा व्हायला नको.

आता एक गोष्ट समजून घेऊ. अँड्रॉइडचा गाभा मुक्त आहे, त्याचा सोर्स कोड कुणीही घेऊ शकतं. दुकानात मिळतो तो फोन म्हणजे हा गाभा, त्यावर गुगलच्या सेवा आणि वर कंपनीने कोंबलेली ॲप्स. लिनिएजओएस यातला गाभा घेतं आणि बाकीचं बाजूला ठेवतं. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड बंद पडलं, तेव्हा त्याच कोडवर हे उभं राहिलं. ते स्वयंसेवक चालवतात आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या फोनना त्यामुळे नवं अँड्रॉइड मिळतं. ग्रॅफीनओएसचा सगळा भर सुरक्षेवर. गंमत बघा, गुगलची पकड सैल करणारी ही सिस्टिम बनवली गेली ती गुगलच्याच पिक्सेल फोनसाठी! उबंटू टच आणि फिनलंडची सेलफिश या तर अँड्रॉइड नाहीतच, वेगळ्या लिनक्स सिस्टिम आहेत.

बदलायचं ठरवलंत, तर आधी मॉडेलचा नेमका क्रमांक बघा. एकाच नावाच्या दोन फोनमध्ये चिप वेगळी असू शकते. मग बॅकअप घ्या, कारण बूटलोडर अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. काही कंपन्या तो अनलॉक करूच देत नाहीत, तिथे विषय संपला. आणि व्होल्टे चालतं का, हे नक्की विचारा. जिओच्या नेटवर्कवर २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टे नसेल तर साधा फोनही लागणार नाही.

पण आपल्याकडे खरी परीक्षा पुढेच आहे, ती म्हणजे यूपीआय. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड. बँकेचं ॲप उघडलं की अनेकदा ते गुगलच्या प्ले इंटिग्रिटी नावाच्या सेवेला विचारतं, हा फोन विश्वासाचा आहे का? बूटलोडर उघडा असेल, तर उत्तर सहसा ‘नाही’ येतं आणि ॲप दार लावून घेतं.

उघड्या बूटलोडरचा धोका खरा आहे, ते नाकारायचं कारण नाही. फोन चोराच्या हाती पडला, तर सिस्टिममध्ये फेरफार करणं सोपं होतं. पण ग्रॅफीनओएसमध्ये बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो, पॅचही वेळेवर येतात. तरी तिथेसुद्धा काही ॲप्स अडून बसतात. उलट वर्षानुवर्षं एकही पॅच न मिळालेला फोन, केवळ त्यावर कंपनीची मूळ सिस्टिम आहे म्हणून, कित्येकदा बिनबोभाट पास होतो. म्हणजे तपासणी सुरक्षिततेची कमी आणि शिक्क्याची जास्त. माझा आक्षेप आहे तो इथे.

मग करायचं काय? रोजच्या फोनला एकदम हात लावू नका. कपाटात पडलेला जुना फोन घ्या, त्यावर प्रयोग करा. तुमच्या बँकेचं ॲप त्या सिस्टिमवर चालतं का, ते आधी वापरणाऱ्यांना विचारा. एखाद्या बँकेची वेबसाइट पुरेशी असते. *९९# ही सेवा तर इंटरनेटशिवायही चालते. नाहीतर पैशांसाठी एक फोन आणि बाकी सगळ्यासाठी दुसरा, असेही बरेच लोक राहतात.

आणि ॲप अडलं, तर गुपचूप मागे फिरू नका, बँकेला लिहा. ‘फोन लॉक आहे का, पॅच ताजे आहेत का, हे तपासा. शिक्का कुणाचा, हे नको.’ एकाने लिहून काही होणार नाही, पण कुणीच लिहिलं नाही तर बँकेला असे ग्राहक आहेत हेच कळणार नाही.

तुमच्या फोनवर काय चालतं आणि काय अडतं, तेही आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!