आवर घालणाऱ्या पेशी



शस्त्र चालवणे एक वेळ सोपे. ते केव्हा म्यान करावे हे कळणे कठीण. मानवी देहालाही हा पाठ गिरवावा लागतो. रोगजंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशी आपल्याच शरीरावर उलटल्या, तर आमवात किंवा बालवयातील मधुमेहासारखे विकार जडतात. त्यांना आवर कोण घालते, या एकाच प्रश्नाचा ध्यास जपानचे शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी आयुष्यभर घेतला.

साकागुची यांचा जन्म १९५१ चा. क्योटो विद्यापीठात वैद्यक शिकून ते नागोया येथील कर्करोग संशोधन संस्थेत दाखल झाले. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी होण्याऐवजी स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते, हे तेथे आढळले होते. साकागुची यांनी समान जनुकांच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी अशा उंदरांना टोचल्या आणि तो अनर्थ टळला. हल्लेखोरांच्याच कुळात त्यांना रोखणाऱ्या पेशीही असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

काळ मात्र प्रतिकूल होता. 'दमनकारी पेशीं'ची जुनी कल्पना भक्कम पुराव्याअभावी बदनाम झाली होती आणि बहुतेकांनी त्या विषयाकडे पाठ फिरवली होती. साकागुची यांनी वादात शक्ती दवडली नाही. त्या पेशींची नेमकी ओळखखूण ते शोधत राहिले. १९९५ मध्ये सीडी२५ हे प्रथिन पृष्ठभागावर धारण करणाऱ्या पेशी त्यांनी वेगळ्या दाखवल्या. त्याच पुढे 'नियामक टी पेशी' म्हणून मान्य झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ या जनुकातील बिघाडाने गंभीर स्वयंप्रतिकार विकार होतो हे सिद्ध केले. हेच जनुक नियामक पेशींची जडणघडण ठरवते, हे साकागुची यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

नागोयातील त्या प्रयोगांपासून या सन्मानापर्यंत चार दशके लोटली. शाळेत उत्तरांना गुण मिळतात. ज्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या तीन तासांत मावत नाही, त्याला मिळत नाहीत. असा प्रश्न घेऊन एखादे मूल घरी आले, तर पालकांनी त्याला गप्प बसवू नये आणि शिक्षकांनी 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून तो बाजूला सारू नये. हीरक महोत्सवी शाळेने पुढच्या पिढीसाठी एवढे जपले तरी पुष्कळ आहे.