पाच वर्षांची मुलगी, पाच मीटरची साडी



राजाजीनगरातील मराठी मूल तीन भाषांत वाढते: घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, पुस्तकात इंग्रजी. मराठीमुळे इंग्रजी बिघडेल, ही पालकांची भीती विशेषणांच्या एका लहान धड्यावर पारखून पाहावी.

‘हिरवा शेला, हिरवी साडी, हिरवे लुगडे’ असे मराठी विशेषण लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीतील ‘ग्रीन’ बदलत नाही. कन्नडमधील ‘हसिरु’ही नाही. म्हणजे हा नियम मुलाने गल्लीत ऐकलेलाच असतो. रंगाची छटा मराठी अनेकदा मागून जोडते: हिरवीगार, पिवळाधमक. इंग्रजी ती आधी सांगते: ‘ब्राइट येलो’. पण ‘गडद हिरवा’ म्हणणाऱ्या मुलाला ‘डार्क ग्रीन’ परके नाही.

मापाची वाट अधिक निसरडी. ‘द गर्ल इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ येथे अनेकवचन हवे. ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ असे माप नामाआधी आले की ‘इयर’ एकवचनी होते. मूल तेथेही ‘इयर्स’ लिहिते, कारण मराठीत दोन्ही ठिकाणी ‘पाच वर्षांची’च असते. ही चूक आळसाची नव्हे. तिच्यामागे मातृभाषेचा नियम आहे. मात्र ‘पाच मीटरची साडी’ म्हणताना कोणी ‘मीटरांची’ म्हणत नाही. एवढे दाखवले की इंग्रजी नियमाचे नवल उरत नाही.

म्हणून वहीत चूक दिसली, की रागावण्याआधी मुलाला विचारावे, “हेच मराठीत कसे म्हणशील?” ज्याला घरची भाषा नीट येते, त्याच्याजवळ नव्या भाषेचा नियम ताडून पाहण्यासाठी हक्काची मोजपट्टी असते. ती त्याच्या हातून काढून घेऊ नये.