वाचनालयाची वेळ आणि कामगाराची पाळी



'वाचनालयाकडे लोक फिरकत नाहीत,' अशी तक्रार करणारे चिटणीस मला गावोगाव भेटतात. मी त्यांना उलट विचारतो, तुमचे दार उघडते केव्हा? घोरावाडीच्या स्थानकावर भल्या सकाळी लोकलची वाट पाहणारा पहिल्या पाळीला निघालेला असतो. दुसऱ्या पाळीचा परततो तेव्हा तुमच्या दाराला कुलूप! मग तो वाचत नाही, हा ठपका कोणी कोणावर ठेवायचा?

1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान आले, अ-ब-क-ड वर्ग पडले. चांगलेच झाले. पण वर्ग ठरविताना कपाटातले ग्रंथ मोजले जातात. कपाटापर्यंत न पोचलेला मनुष्य कोण मोजणार?

पुस्तकाने माणसाकडे जावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, आणि बडोद्याच्या खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या. तशी एक पेटी कारखान्याच्या उपाहारगृहात का ठेवू नये?

ज्याला अक्षर जड जाते, त्याचे काय? हवाना शहरात 1865 साली चिरूट वळणाऱ्या कामगारांनी एक वाचणारा नेमला. हात कामात आणि कान पुस्तकात! त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. वाचनाची ताकद सरकारला आपल्या आधी कळते, एवढेच म्हणतो. केरळात विडी कामगारांतही हीच रीत होती. वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत.

आणि वाचायचे ते कादंबरीच असे नव्हे. पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, नेमणुकीचे पत्र हे समजावून सांगणारी एक संध्याकाळ वाचनालयाने ठेवून पाहावी. तिथे आलेला मनुष्य जाताना पुस्तक नेतो.

पैसा कोठून, असे विचारू नका; निदान तळेगावच्या शेजारी बसून तरी नको. अंताजीपंत काळ्यांनी माणशी एक पैसा मागितला, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. आपल्याला तर फक्त एक लाकडी पेटी हवी आहे. तिची किल्ली मात्र चिटणिसाकडे नको, पाळीतल्याच एखाद्या कामगाराकडे असू द्या.