प्रश्न टोकापर्यंत पोहोचला पाहिजे



ओझर हे नाव पाणीवापर संस्थांच्या कार्यामुळे राज्यभर परिचित झाले. वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकावरील या भागास पाणी पुरेसे पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० नंतर येथील शेतकरी संघटित झाले आणि पाणी मोजून घेण्याची व त्याच्या वाटपाची जबाबदारी त्यांनी स्वतः पत्करली. मुखाशी पाणी सोडले म्हणजे टोकाचे शेत भिजतेच असे नाही, हा या परिसराचा अनुभव आहे. संकेतस्थळावरील ग्राहक-मदतीच्या बाबतीतही तो उपयोगी पडणारा आहे.

द्राक्षे, बेदाणा, रोपे किंवा यंत्रांचे सुटे भाग विकणारे लहान उत्पादक आता स्वतःची संकेतस्थळे काढीत आहेत. अशा पृष्ठाच्या कोपऱ्यात ग्राहकाला प्रश्न विचारता यावा म्हणून एक लहान चौकट बसविता येते. तिला विजेट म्हणतात. मदतसेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे नोंदणी केल्यावर काही ओळींचा कोड मिळतो. तो एकाच पृष्ठावर न घालता, सर्व पृष्ठांना समान असलेल्या साच्यात अखेरीस घालावा, म्हणजे चौकट सर्वत्र दिसते.

चौकट दिसेनाशी झाल्यास कालव्याची पाहणी करावी त्याप्रमाणे मुखाकडून टोकाकडे क्रमाने जावे. प्रथम कोड पूर्ण उतरला आहे काय, आणि त्यातील ओळखक्रमांक आपल्याच खात्याचा आहे काय, हे पाहावे. नंतर संकेतस्थळाचे नाव सेवेच्या नोंदीत अचूक आहे याची खात्री करावी. पृष्ठाची पूर्वी साठविलेली प्रत पुसून ते पुन्हा उघडावे. जाहिराती रोखणारी सोय किंवा संकेतस्थळाचे सुरक्षा-नियम बाहेरून येणारा कोड अडवितात, असेही घडते. ब्राउझरच्या कन्सोल या भागात त्रुटीची नोंद उमटते. ती वाचल्यास अडथळ्याचे ठिकाण बहुधा कळते. अखेरीस दुसऱ्या व्यक्तीच्या मोबाइलवरून तपासणी करावी. लहान पडद्यावर चौकट खरेदीच्या बटणावर आली, तर ग्राहकाला खरेदीच करता येत नाही.

चौकट दिसू लागली म्हणजे कार्य संपले, असे मात्र नव्हे. प्रश्न कोणाच्या हाती जातो, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे. नोंदलेला ई-मेल पत्ता कोणीच उघडत नसेल, तर चौकट निर्दोष असूनही ग्राहक ताटकळत राहतो. तोडणीच्या दिवसांत माल केव्हा निघणार, या प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांनी मिळाले, तर त्याचा उपयोग उरत नाही आणि खरेदीदार अन्यत्र वळतो. म्हणून उत्तराची वेळ चौकटीवर स्पष्ट मराठीत लिहावी, वेळेबाहेरचे संदेश साठवून ठेवण्याची व्यवस्था करावी आणि एका व्यक्तीवर त्यांची जबाबदारी नावानिशी सोपवावी. ग्राहकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक आवश्यक तेवढेच आणि त्याच्या संमतीने घ्यावेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे, याचे भान असावे.

दर आठवड्यास ग्राहक म्हणून स्वतःच एक प्रश्न पाठवावा आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला, याची नोंद ठेवावी. पाणी मोजून घेण्याची सवय जडलेल्या या परिसराला एवढी शिस्त अवघड वाटू नये.