कशानं होत नाही, तेही पाठ करा



एचआयव्हीचा संसर्ग कोणत्या चार मार्गांनी होतो, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुया-सिरिंज आणि बाधित आईकडून बाळाला. एसटी स्टँडच्या भिंतीवर तुम्ही ते वाचलंय, एक डिसेंबरला, एड्स दिनाच्या प्रभातफेरीत मुलांच्या तोंडून ऐकलंय. ते मी आज पुन्हा उगाळत बसणार नाही. मला मिळालेली मिनिटं मी दुसऱ्या बाजूसाठी राखून ठेवली आहेत: हा संसर्ग कशानं होत नाही. समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काम करताना एक गोष्ट सतत बघतेय. पहिली बाजू लोकांना तोंडपाठ असते आणि दुसरीवर त्यांचा विश्वास बसत नाही. ऐकतात, मान डोलावतात, घरी जातात आणि बाधित माणसाचं ताट वेगळं करतात.

आमच्या केंद्रात एक एचआयव्हीबाधित सून यायची, कांद्याच्या पट्ट्यातली. गोळ्या चालू होत्या, वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर तेज आलं होतं. दुपारी जेवायला तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, बुडालाही ठिपका. म्हटलं, हे काय गं? म्हणाली, "ताई, माझ्या ताटाला, वाटीला, पेल्याला, सगळ्यालाच आहे. आत्याबाईंनी लावलाय. घासताना मिसळू नये म्हणून." सासू शेजारीच बसली होती. वाईट बाई नव्हती बरं का. मुलगा गेल्यावर सुनेला तिनंच सांभाळलं, दर महिन्याला गोळ्या न्यायलाही तीच सोबत यायची. मी तिला चार मार्ग विचारले, तर तिनं घडाघडा सांगितले. मग हा ठिपका कशाला, आजी? तर म्हणाली, "तसं काही होत नाही ते माहितीय. पण आपलं बरं असतं."

या 'आपलं बरं असतं'शी माझं भांडण आहे. ते गावात आहे आणि आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सुशिक्षित घरांतही आहे. आपल्याला काही होऊ नये म्हणून केलेली ती छोटीशी सोय असते, पण समोरच्या माणसाला दिवसातून तीन वेळा, जेवायला बसताना, तू आमच्यातला नाहीस असं सांगितलं जातं. आणि ज्या संरक्षणासाठी हे करायचं, ते संरक्षण त्यातून कणभरही मिळत नाही.

का मिळत नाही? निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या श्रोत्यांना कलम कसं करतात ते मी सांगायला नको. आपण आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावतो आणि पावसाळा सरता सरता त्यावर द्राक्षाच्या काडीचं कलम करतो. खुंट छाटतो, मधोमध चीर देतो, काडीला तासून पाचर करतो, पाचर चिरेत बसवून पट्टी घट्ट आवळतो. आतला ओलावा आतल्या ओलाव्याला भिडला तरच डोळा फुटतो. आता हीच काडी खुंटाला नुसती टेकवून ठेवा. दोन्ही एका बादलीत भिजवा. एका खोलीत महिनाभर शेजारी ठेवा. कलम लागेल का? तुम्ही हसाल मला. काडी जिवंत हवी, खुंटाला चीर हवी आणि रसाला रस भिडायला हवा. तिन्हींपैकी एक जरी नसलं, तरी कलम लागत नाही.

एचआयव्हीचं अगदी तसंच आहे. हा विषाणू रक्तात, वीर्यात, योनीस्रावात आणि आईच्या दुधात संसर्ग होण्याइतका असतो. घामात, अश्रूत, थुंकीत तेवढा नसतो. म्हणजे त्या काडीत रसच नाही. हात हातात घेतला, गळाभेट घेतली, तर चीर कुठे आहे? आपली धडधाकट कातडी म्हणजे न छाटलेला खुंट. एका ताटात जेवलं, एका पेल्यानं पाणी प्यायलं, एकच संडास वापरला, रामकुंडात एकत्र बुडी मारली, एसटीत खेटून बसलं, खोकला-शिंक अंगावर आली, यातल्या कशातही कलम लागत नाही. पुन्हा सांगते, कशातही नाही. शरीराबाहेर उघड्यावर हा विषाणू तग धरत नाही, वाळलेल्या काडीसारखी त्याची गत होते. सिरिंजच्या पोकळीत मात्र रक्त ओलं राहतं आणि सुई स्वतःच चीर पाडते, म्हणून सुई धोक्याची आणि ताट बिनधोक. दाढीचं ब्लेड आणि दातांचा ब्रश ज्याचा त्याचा असावा, पण ती शिस्त प्रत्येकच घरात हवी, कुणाला बाधा असो वा नसो.

डासांचं काय, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, एचआयव्ही तिथं वाढत नाही, पचून जातो. शिवाय डास चावतो तेव्हा आपली लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. आणि साधा विचार करा. डास लहान मुलांना फोडून काढतात, म्हाताऱ्यांना सोडत नाहीत. डासांनी एचआयव्ही पसरला असता, तर घराघरांतली पोरं आणि आजी-आजोबा सगळ्यात आधी बाधित झाले असते. तसं कुठंही झालेलं नाही.

रक्तदानाबद्दलही हीच भीती. रक्त देणाऱ्यासाठी दर वेळी नवी, निर्जंतुक सुई असते. पैसे घेऊन रक्त विकणं आपल्याकडे १९९८पासून बंद आहे, दिलेली प्रत्येक पिशवी तपासली जाते. रक्त दिल्यानं एचआयव्ही होत नाही. तेव्हा शिबिरातून मागच्या दारानं निघून जाऊ नका.

आता 'आपलं बरं' कुठवर जातं ते ऐका. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभं केलं. २००९ साली तिथली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. या मुलांना जन्मतःच बाधा झालेली. त्यांच्याशेजारी बाकावर बसून, एका फळ्याकडे बघून, एका मैदानावर खेळून कुणालाही काही होणार नव्हतं. त्या पालकांनाही चार मार्ग माहीत असतीलच. माहीत असणं पुरत नाही, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा घोकतेय.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या लोकांपर्यंत पोचली आहे. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती रोज, न चुकता घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, असं खाली आलं आणि खालीच राहिलं, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला शरीरसंबंधातूनही संसर्ग होत नाही. जगभरच्या डॉक्टरांनी हे मान्य केलंय. म्हणजे जो मार्ग खरा आहे, तोसुद्धा गोळीनं बंद होतो, आणि आपण मात्र ताटा-वाट्यांना ठिपके लावत बसलोय! गरोदर बाईचंही तेच. उपचाराविना शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून बाधा होऊ शकते. आईनं वेळेवर गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध मिळालं, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. अंगावर पाजण्याबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत, पण तो विषय मोठा आहे, आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

त्या आजींचं सांगायचं राहिलं. मी त्यांच्यासमोर सुनेच्या डब्यातली भाकरी मोडली, ठेचा घेतला आणि खाल्ला. त्या बघत राहिल्या. भाषणापेक्षा तो घास जास्त बोलला असावा, कारण जरा वेळानं त्यांनीही त्याच डब्यात हात घातला.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगते. २०१७ साली एचआयव्हीबाबत कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे. बाधेच्या कारणावरून कुणाला नोकरीतून, शाळेतून, दवाखान्यातून घालवता येत नाही. बाधित बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. तपासणी संमतीशिवाय होत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. तेव्हा शंका असेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात या, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, तपासणी मोफत आहे. १०९७ हा फोनही मोफत आहे, नाव सांगायची गरज नाही. वापरलेली सुई टोचली किंवा बळजबरीचा प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत, खरं तर लगेचच, दवाखाना गाठा. संसर्ग टाळायची औषधं असतात, ती २८ दिवस घ्यावी लागतात.

घरात कुणी बाधित असेल, तर त्याला रोज एकच गोष्ट विचारा: आजची गोळी घेतलीस का? खरी काळजी तेवढीच आहे. ती घ्या आणि बाकी सगळं इतरांसारखंच चालू द्या.