रुमालाखालची बोटं



माणसाला स्वागताध्यक्ष का करतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. मांडव, गाद्या आणि दोन वेळचं जेवण ज्याच्या गळ्यात घालता येतं, तो स्वागताध्यक्ष. तेव्हा मला कुणी कथाकार समजू नये. माझा धंदा बैलांचा. आमच्याकडं त्याला हेडी म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

आमच्या आटपाडी तालुक्यात पाऊस थोडा, पण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मात्र चांगले पिकले. १९७३ला यवतमाळात गदिमा, १९८३ला अंबाजोगाईत व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच पुढच्या वर्षी जळगावात शंकरराव खरात. पहिले दोघं भाऊ, माडगूळचे, शंकरराव इथलेच, आटपाडीचे. अभिमान वाटतोच. पण त्यांच्या फोटोला हार घालून आपल्याला कथा येणार नाही, म्हणून हे शिबिरवजा संमेलन.

कथा शिकवता येते का, हा वाद जुना. ना. सी. फडक्यांनी तंत्राची बाजू हिरिरीनं मांडली, त्यावर रणंही माजली. माझ्यासारख्यानं त्यात पडू नये. पण मला एक आठवतं. वडील मला खरसुंडीच्या पौषी यात्रेला न्यायचे. खिलार बैलांची रांग लागलेली. गिऱ्हाईक आणि हेडी समोरासमोर, दोघांच्या हातांवर रुमाल. तोंडानं गप्पा पावसाच्या, पोरीच्या लग्नाच्या, आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा चाललेला. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा कुणाला ऐकू येत नाही. मी मात्र वडिलांच्या तोंडाकडं बघायचो. कुठं नजर हलली, कुठं हसू थांबलं, यावरून मला भाव कळायला लागला. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. दहा बाजार उभं राहून बघितल्यावर आलं.

कॉलेजात असताना मीही एक कथा लिहिली. म्हातारा शेतकरी दुष्काळात बैल विकतो, एवढीच. एका मासिकाला पाठवली. परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता: शेवटची दोन पानं कशासाठी? मला राग आला. त्या दोन पानांत तर म्हाताऱ्याचं सगळं दुःख मी सांगितलं होतं! पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं, की भर बाजारात मी रुमालच उचलून दाखवला होता. तोवर मी धंद्याला लागलो होतो. मराठी कथेचं त्यात काही नुकसान झालं नाही, हे आमच्या सौभाग्यवतींचं मत. ते मला मान्य आहे.

रुमाल न उचलता कसं सांगावं, ते व्यंकटेश माडगूळकरांकडं बघा. त्यांचं 'माणदेशी माणसं' १९४९चं पुस्तक. ती व्यक्तिचित्रं की कथा, हे प्राध्यापकांनी ठरवावं. त्यातला धर्मा रामोशी काढून वाचा. एका धोतराची गोष्ट आहे. त्या धोतराचं पुढं काय होतं, हे वाचलेल्यांना सांगायला नको, आणि न वाचलेल्यांची गंमत मी घालवणार नाही. एवढंच सांगतो, की ते धोतर तुमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

शंकररावांच्या एका कथासंग्रहाचं नावच 'सांगावा'. त्यांचे वडील गावकीत तराळकी करायचे. मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी जायचं, ते तराळांनीच, उन्हातान्हात, बिनपगारी. मी विचार करतो, दारात उभं राहून तो माणूस पहिलं वाक्य काय म्हणत असेल? पाणी मागेल, का आधी बातमी देईल? शिबिरातल्या पोरापोरींनी आज रात्री हे एक पहिलं वाक्य लिहून बघावं. दुसरं नको, पहिलंच.

आणखी एक. उद्या प्रत्येकानं आपली कथा मोठ्यानं वाचायची आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं, तेव्हा श्रोता कुठं चुळबुळला हे त्यांना जागेवर दिसत होतं. तुमच्यापुढं आमची मंडळी बसतील. ती टाळ्या कमी वाजवतात, पण कंटाळली की तंबाखू मळायला लागतात. कुठल्या परिच्छेदाला चंच्या सुटल्या, तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा. समीक्षकांनी राग मानू नये.

गैरसोयी होतील. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून टँकर सांगितलाय. मुलींची सोय शाळेत, बाकीच्यांची मंगल कार्यालयात. माडगूळला जायची गाडी सकाळी सातला देवळापुढून सुटेल. ड्रायव्हर थांबणारा नाही. जेवणात बाजरीची भाकरी आहे. ज्यांना सोसत नाही त्यांनी आचाऱ्याला आत्ताच सांगावं, नाहीतर मग मला सांगत येतील, आणि मी तेव्हा कथा ऐकत बसलेला असेन.