‘काळच तसा आहे!’ : एका जर्मन शब्दाचा विचार
(नारायणगड येथे पालक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आज आम्ही आपणापुढे एक परका शब्द घेऊन उभे आहोत. तो जर्मन भाषेतला असून त्याचा उच्चार ‘त्साइटगाइस्ट’ असा होतो. ‘त्साइट’ म्हणजे काळ आणि ‘गाइस्ट’ म्हणजे आत्मा किंवा मन. एका काळातील पुष्कळ माणसांचे विचार व समजुती ज्या एका वळणाने जातात, त्या वळणाचे हे नाव आहे. हेर्डर नावाच्या जर्मन विद्वानाने १७६९ साली आपल्या टीकालेखांत हा शब्द वापरला. पुढे हेगेलच्या इतिहासविषयक तत्त्वज्ञानाशी ही कल्पना जोडली गेली, आणि इंग्रजांनी शब्द जसाच्या तसा उचलला.

कोणी म्हणेल, मास्तर, धाकट्या पंढरीत जर्मन शब्दाचे काय काम? काम आहे. शब्द परका असला तरी वस्तू घरचीच आहे. पंडित तिला ‘युगधर्म’ म्हणतात, कीर्तनकार ‘काळाचा महिमा’ म्हणतात, पारावरची मंडळी ‘जमाना’ म्हणतात आणि निवडणुकीत तिचेच नाव ‘हवा’ होते. पण या शब्दांत एक मोठा भेद आहे. ‘युगधर्म’ या शब्दात ‘धर्म’ आहे, म्हणजे कर्तव्य आहे. तो शब्द आज्ञा करतो, की काळ सांगेल तसे वागा. जर्मन शब्द आज्ञा करीत नाही. लोक असे वागत आहेत, एवढेच तो सांगतो. लोक कसे वागतात हे सांगणे निराळे आणि तसेच वागले पाहिजे असे म्हणणे निराळे. या दोहोंची गल्लत झाली, की बुद्धी गहाण पडते.

ही गल्लत आमच्या बीड जिल्ह्यात कोठे होते ते पाहा. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. घरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते. आईबाप म्हणतात, “काळ मोठा वाईट आहे. पोर कोणापाशी ठेवायची? उजवून टाकू.” त्या मायबापांची काळजी खरी आहे, तिला हसणारा मनुष्य नव्हे. पण तिला ‘काळ’ हे नाव दिले, की खरी कारणे झाकली जातात. मुलीला रात्री सुरक्षित ठेवायला जागा नाही, हे एक कारण. पुढच्या वर्गाची शाळा गावात नाही, हे दुसरे. नवराबायकोच्या जोडीचा ‘कोयता’ धरला जातो व त्यावर उचल मिळते, हे तिसरे. ही तिन्ही कारणे माणसांनी केलेली आहेत, म्हणून ती माणसांना मोडताही येतील. काळाला मात्र कोणत्या कचेरीत अर्ज करणार?

कायदा आपल्या बाजूस आहे. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ सालचा आणि सध्याचा कायदा २००६ सालचा. अठरा वर्षांच्या आत मुलीचे व एकवीस वर्षांच्या आत मुलाचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. तरीही मांडव पडतात आणि आम्ही अक्षता टाकून जेवून येतो. का? तर ‘काळच तसा आहे!’

मंडळी, काळाचे ऐकूनच चालायचे असते, तर १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढलीच नसती. तेव्हाचा काळ म्हणत होता, की बाईने शिकू नये. सावित्रीबाईंनी शेणमाती झेलली, आणि १८४९ साली त्या उभयतांना वडिलांचे घर सोडावे लागले. पण न्यायाने बोलायचे तर काळाने त्यांना काहीच दिले नाही असेही नव्हे. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा होती व ती जोतीरावांनी पाहिली होती. छापखाने निघाले होते. शेतकऱ्यांना आम्ही हे एका शब्दात सांगतो : वाफसा. पाऊस पडून जमीन वाफशावर येणे आपल्या हाती नाही. पण वाफसा आला म्हणून पीक येत नाही, तिफण आपणच धरावी लागते.

दुसरा दाखला घ्या. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीच्या निम्म्या जागा राखल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आणि २०२४ च्या दसऱ्याला याच गडावर आरक्षणाच्या मागणीसाठी प्रचंड मेळावा भरला. एका राजाचा ‘वेडेपणा’ सव्वाशे वर्षांत सर्वांच्या तोंडी आला. काळ आपोआप वळत नाही. कोणीतरी आधी त्याच्या उलट चालावे लागते.

राजा हा काळाला कारण होतो, असे महाभारतात भीष्म सांगतात. आज राजा कोण? मतपेटीपुढे उभे राहणारे आपणच. मग काळ वाईट असेल, तर तो कोणी केला?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. तोडीला जाताना मुलीला हंगामी वसतिगृहात किंवा नातलगाकडे ठेवून शाळेत घाला. गावात वसतिगृह नसेल, तर ग्रामसभेत त्याचा ठराव मांडा. अल्पवयीन मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, तर ग्रामसेवकाला सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. आणि तसल्या लग्नाचे जेवण घेऊ नका. पंगत उठली, की प्रतिष्ठाही उठते.

हा नगद नारायणाचा गड आहे. येथे ‘पुढे काळ सुधारेल’ अशी उधारी चालू नये. यंदाचा हंगाम तोंडावर आला आहे. आपापल्या घरातल्या लेकीचे नाव शाळेच्या पटावर राहील, एवढे यंदाच करून दाखवा. उद्याचे विद्वान त्यालाच या काळाचा आत्मा म्हणतील.